मिनूचं काम

१२ जानेवारी, सोमवार

काल प्रशांत मला देवळ्याहून घेऊन आला. नाशिक रोड, तिसरा मजला. लिफ्ट चालू होती म्हणून वर पोचले. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. इतकी वर्षं कंडक्टरकी केली, घाटात हलत्या गाडीत उभी राहून तिकिटं दिली, आणि पडले ती डेपोत उभ्या गाडीच्या पायरीवरून. डॉ. म्हणाले, महिना-दीड महिना पाय टेकायचा नाही. तिकडे एकटीने राहणं शक्य नव्हतं.

हॉलमधला दिवाण मला दिलाय. इथून सगळं घर दिसतं. स्वयंपाकघराचं दार, मुलींची खोली, बाल्कनी. माणसं अशी: धाकटा भाऊ प्रशांत, सातपूरला कंपनीत सुपरवायझर. त्याची बायको रूपाली, लॅबमध्ये रक्त तपासते. सई सहावीत. मिनू पहिलीत. आणि मी, फर्निचर.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. रूपालीने लॅबमधून आल्यावर उभ्या-उभ्या तिळाच्या वड्या केल्या. प्रशांत म्हणाला, कडक झाल्यात. तेवढंच. तिथून सुरू झालं. बघता बघता दोघांचे आवाज चढले. सईने धाकटीला विचारलं, “मिनू, पाणी हवंय का?” पाणी दिलं तर मिनूने ग्लास भिरकावला, फरशीवर आडवी पडली, पाय आपटले, किंचाळली. दोघं भांडण सोडून तिच्याकडे धावले. एकाने उचललं, एकीने फरशी पुसली.

धाकटी फार लाडावलीय. थोरली मात्र सोनं. एवढ्या गोंधळात बहिणीला पाणी विचारायचं तिला सुचतं.

वडी खरंच कडक होती. बोलले नाही.

१७ जानेवारी, शनिवार

भांडण रोजचंच आहे. (पुढे नुसतं भां. लिहीन.) मला वाटलं होतं, मी आहे म्हणून जरा आवाज कमी ठेवतील. पहिले दोन दिवस ठेवला. मग मी त्यांना दिसेनाशी झाले.

कुठूनही सुटतं. गिझर, ओला टॉवेल, कुणाचा तरी फोन. पण शेवटचा थांबा पुणेच. गेल्या वर्षी रू.ला पुण्याच्या एका मोठ्या लॅबने मुख्य म्हणून बोलावलं होतं. गेली नाही. ती म्हणते, तू जाऊ दिलं नाहीस. प्र. म्हणतो, मी कधी अडवलं, तूच नाही म्हणालीस. मला वाटतं दोघंही खरं बोलतात. म्हणून तर मिटत नाही.

कोणी हात उगारत नाही. शिवी नाही. शेजारी ऐकतील म्हणून खिडक्या लावून घेतात. आतले ऐकतील हे मनात येत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

थंडी. प्लास्टरच्या आत खाज, विणायची सुई घालून खाजवते. डेपोतून कैलास ड्रायव्हरचा फोन. “ताई, तुमच्याबिगर गाडीत लय सुनं वाटतं. नवी पोरगी दिलीय, तिला घाट लागतो.” हसले.

संध्याकाळी सई माझ्याजवळ बसून गणित करत होती. दारात किल्ली फिरली. प्र. अजून आत आलाही नव्हता. सई वहीतून डोकं न काढता म्हणाली, “आज बाबांचं ठीक नाहीये.” उठली. टीव्ही बंद केला, दारातल्या मिनूच्या चपला उचलल्या, आईच्या मोबाईलचा आवाज कमी केला. मग परत गणित.

“तुला कसं कळलं गं?”

“किल्ली आधी उलटी फिरवली त्यांनी. डोकं तापलेलं असलं की उलटी फिरवतात.”

मी आयुष्यभर माणसं ओळखत आले. कोण फुकट जायला बघणार हे पायरी चढतानाच कळतं मला. पण दाराच्या पलीकडचं नाही. आणि खरंच, प्र. आत आला तो तसाच आला, कपाळावर आठ्या घेऊन. 

२१ जानेवारी, बुधवार

मिनूच्या शाळेतून बोलावणं. वर्गातल्या एका मुलीच्या दंडाला चावली. बाईंनी सांगितलं, याआधीही वर्गात आडवी पडून किंचाळली होती. डॉक्टरांना दाखवून या, नाहीतर सहलीला नेता येणार नाही. रू. रडवेली होऊन घरी आली. प्र. आल्यावर भां. पोर बिघडली कोणामुळे, यावर.

मुलींच्या खोलीचं दार लोटलेलं, पण लागलेलं नव्हतं. फटीत सईचा एक डोळा.

मी प्र.ला म्हटलं, धाकटीला कुणाचा तरी धाक हवा. तो म्हणाला, तेच म्हणतोय मी.

२५ जानेवारी, रविवार

आज पाहिलं ते लगेच लिहिते. उद्या माझं मलाच पटणार नाही.

दुपारी जेवणं झालेली. प्र. आणि रू. स्वयंपाकघरात, आवाज खालीच होता. मिनू माझ्या दिवाणापाशी फरशीवर पालथी, स्केचपेनने मोर काढत होती, काहीतरी गुणगुणत. सई खिडकीत पुस्तक घेऊन. आतून रू.चं “ऐकून तरी घे माझं” आलं, मग प्र.चं “झालं, आलं पुणे.” सईने पान उलटलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “मिनू, पाणी हवंय का?”

मिनूचं गुणगुणणं थांबलं. तिने हातातल्या निळ्या पेनाला टोपण लावलं. नीट लागलं का, दाबून पाहिलं. बाकीची पेनं पाकिटात भरली. मोर दिवाणाखाली सरकवला, ओला होऊ नये असा. मग उठली. टेबलावर एक काचेचा ग्लास होता, एक स्टीलचा. स्टीलचा उचलला. श्वास घेतला. आणि किंचाळली.

ग्लास भिंतीवर, पाणी सगळीकडे. फरशीवर पडण्याआधी जराशी बाजूला सरकली, दिवाणाची कड डोक्याला लागू नये म्हणून.

ते दोघं धावत आले. “ताप आहे का बघ हिला.” “ताप नाही, तू पंखा कमी कर आधी.” “पाणी पुस, घसरेल कोणी.” एक मिनिटापूर्वी एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं, आता दोघांचे चार हात एका पोरीवर. प्र.च्या खांद्यावरून मिनूने सईकडे पाहिलं. सईने मान हलवली, अगदी थोडी. आमच्याकडे ड्रायव्हर आरशातून बघतो आणि कंडक्टर मान हलवतो, सगळे चढले, सोड गाडी. तशी.

मी इथेच पडून होते दोन आठवडे. रोज बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. एकीला वाया गेलेली म्हणत होते, एकीला सोनं.

या दोन पोरी मिळून हे घर ओढतायत.

२६ जानेवारी, सोमवार

सगळे खाली सोसायटीच्या झेंडावंदनाला. सई माझ्या सोबतीला थांबली. तिला सरळ विचारलं. तिने नाही म्हटलं नाही. खोटं बोलणं तिला येत नसावं.

“आधी मी करायचे,” म्हणाली. “माझं पोट दुखायचं. खोटं नाही, खरंच दुखायचं. पण मग ते पोटावरून भांडायचे. बाहेरचं खायला कोणी दिलं, डॉक्टरकडे कोणी न्यायचं. मग मी रडून पाहिलं. तर बाबा म्हणायचे तुझ्यामुळे रडली, आई म्हणायची तुझ्यामुळे. म्हणून मिनूवर करून पाहिलं. मिनू लहान आहे ना. तिच्यावर थांबतात.”

करून पाहिलं. असं म्हणाली ती, विज्ञानाचा प्रयोग सांगावा तसं. 

“आणि तिला लागलं-बिगलं तर?”

“मी तिला शिकवलंय कसं पडायचं.” मग म्हणाली, “आत्या, सांगू नकोस. त्यांना कळलं तर नाही चालणार मग.”

मी हो म्हटलं नाही. तिने पुन्हा विचारलंही नाही. खाली राष्ट्रगीत सुरू झालं. ती पुस्तक ठेवून उभी राहिली, ताठ. मला उठता येत नव्हतं, मी बसूनच.

२८ जानेवारी, बुधवार

मिनूची वेणी घालून देते हल्ली मी. आज विचारलं, शाळेत का चावलीस?

“त्या दोघी भांडत होत्या. मी पडले. ओरडले पण. कोणी आलंच नाही. मग चावले. मग आल्या बाई.”

“पण मग सगळे तुला चिडकी म्हणतात ना.”

“मी चिडकी नाहीये,” आरशात माझ्याकडे बघत. “ते माझं काम आहे.”

“आणि ताईचं काम काय?”

“ऐकायचं.”

रिबिन बांधून पळाली. मी फणी हातात धरून बसले. ऐकायचं. अकरा वर्षांची पोर शाळेतून येऊन हेच करते. जेवताना, गणित करताना. झोपेतसुद्धा करत असेल.

सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतलीय. नाव मिनूचं. ‘काय झालंय’ याखाली काय लिहिणार ते?

३१ जानेवारी, शनिवार

प्र.ला सांगितलं. रू. लॅबमध्ये होती, मुली क्लासला. तो हसला. “ताई, सहा वर्षांची आहे ती.” मी पेनाचं टोपण सांगितलं, स्टीलचा ग्लास सांगितला. “योगायोग असेल.” सईचं पोट सांगितलं. तेव्हा चिडला. “तुला आराम करायला आणलं, तू हेरगिरी करतेयस का आमच्यावर?”

मी म्हटलं, “अरे, हेरगिरीला उठता तरी यायला हवं.”

दार ओढून गाडी धुवायला खाली गेला. कालच धुतली होती.

सईला न विचारता सांगितलं. आणि याला पटलंही नाही. म्हणजे दोन्हीकडून गेले.

१ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी. भां. उद्याच्या डॉक्टरवरून, रजा कोणी टाकायची. रू. ओट्याशी, प्र. फ्रिजला टेकून. चढत चढत गेलं. सई टेबलावर भूगोल काढून बसलेली. मी तिच्याकडे बघत होते, नको म्हणावं की गप्प बसावं सुचेना. तिने विचारलंच.

“मिनू, पाणी हवंय का?”

प्र.चं वाक्य मधेच तुटलं.

तो स्वयंपाकघराच्या दारात आला. मिनूचं टोपण लावून झालेलं, ग्लास हातात. पण घरात आता आवाजच नव्हता. तिला काही कळेना. बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग सईला हळूच विचारलं, “ताई, आता करू?”

सई पांढरी पडली. तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या डोळ्यांपुढून जाणार नाही.

“काय करू म्हणतेय ही?” रू. म्हणाली. “काय करायचंय?”

प्र. खाली बसला, फरशीवर, मिनूच्या समोर. तिच्या हातातला ग्लास घेतला आणि ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं. का, ते त्याचं त्याला माहीत. मग म्हणाला, “आज काही नाही करायचं बाळा.”

मिनू म्हणाली, “बरं.” आणि चित्र काढायला बसली. चित्र मात्र काढलं नाही. कागदाकडे नुसती बघत होती.

२ फेब्रुवारी, सोमवार

दोघांनीही रजा टाकली. डॉक्टरांकडे प्र.ने स्वतः सगळं सांगितलं म्हणे. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. मिनूशी जरा वेळ खेळल्या, मग म्हणाल्या, मुलीला नंतर बघू, पुढच्या वेळी तुम्ही दोघंच या.

घरी आल्यावर रू. माझ्या दिवाणाच्या कडेवर टेकली. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते एरवी.

“ताई, तुम्ही पाहिलंत. मग मला का नाही दिसलं?”

“मलाही दोन आठवडे नाही दिसलं. मी तर तिला धाक दाखवा म्हणत होते.”

“मला वाटायचं सईला काही कळतच नाही. इतकी शांत असते. देवाचे आभार मानायचे मी, एक तरी पोरगी धड आहे म्हणून.”  पदर नव्हता, ओढणीने तोंड पुसलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सई माझ्याशी बोलत नाही. ताट आणून ठेवते, औषधाची गोळी ठेवते, जाते. काही विसरत नाही. बोलत मात्र नाही.

बरोबर आहे तिचं.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मिसळ आणली प्र.ने. सगळे जेवायच्या टेबलाशी, मी माझ्या जागी. मिसळ खाऊन झाल्यावर सांगितलं मुलींना. पुण्याच्या लॅबने रू.ला पुन्हा विचारलं होतं, महिन्यापूर्वीच. भां. नको म्हणून ती बोलली नव्हती. आता जाणार आहे. आधी तीन महिने. शनिवार-रविवार येईल. पुढचं पुढे.

मिनूने विचारलं, पुण्याला झू आहे ना.

सई बराच वेळ ताटलीतल्या शेवेशी खेळत होती. मग म्हणाली, “पण आम्ही थांबवत होतो ना.”

“ते तुमचं काम नव्हतं सई,” रू. म्हणाली.

“मग कोणाचं होतं?”

दोन शिकलेली माणसं समोर बसलेली.  प्र.ने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिने हात काढून घेतला आणि ताटल्या उचलायला लागली. रू. म्हणाली, राहू दे, मी उचलते. सई म्हणाली, “नको. सवय आहे मला.”

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मिनू झोपते. शाळेतून आली की झोपते, रिक्षात झोपते, काल वरणभात खाताना झोपली, घास तोंडात. लांबच्या फेरीवरून आलेला माणूस झोपतो तशी. शाळेत कोणाला चावलेली नाही. एकदा रडली म्हणे, पेन्सिल हरवली म्हणून. बाईंनी मुद्दाम फोन करून सांगितलं.

आणि सई. सईने गृहपाठ केला नाही. आईला म्हणाली, तुझी भाजी घशाखाली उतरत नाही. दप्तर हॉलमध्ये फेकलं, काल दार असं आपटलं की कॅलेंडर पडलं. प्र. धास्तावून माझ्यापाशी आला. “ताई, आता हिला काय झालं? ही तर कधी...”

मी म्हटलं, “हिचा नंबर आला आता. इतके दिवस सवड नव्हती तिला.”

तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्याने कंपनीत जनरल शिफ्ट मागून घेतलीय, मुली शाळेतून यायच्या वेळेला शेजारच्या काकू आहेत. माणूस वाईट नाही माझा भाऊ. तीही वाईट नाही. दोन बरी माणसं मिळून लेकरांची ही अवस्था करू शकतात, हे मला माहीत नव्हतं. आणि ती लेकरं त्यातून असं काही उभं करू शकतात, हेही.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. खिचडी चांगली झाली होती.

भां. झालं. रू.च्या बॅगेवरून, मग अर्थात पुढे गेलं. आवाज चढले. प्र. स्वतःहून गच्चीवर निघून गेला, बऱ्याच वेळाने खाली आला, म्हणाला, आता बोलू. बोलले. हे नवीन आहे.

पण तेवढ्या वेळात मिनू माझ्याजवळ येऊन चिकटून बसली होती. किंचाळली नाही, पडली नाही. माझा पदर दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. काम गेलं तिचं, भीती तशीच आहे. ती त्या कामाच्या खाली दडलेली होती इतके दिवस. मी तिचे दोन्ही हात माझ्या हातात धरून ठेवले. एवढेसे हात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

प्लास्टर निघालं. पाय काटकीसारखा झालाय, दुसऱ्याच कुणाचा वाटतो. डॉ. म्हणाले, काठी घेऊन हळूहळू चाला.

संध्याकाळी हॉलमध्ये चालायला लागले तर सई आपणहून आली आणि काखेत हात घातला. इतक्या दिवसांनी.

“अजून राग आहे का माझा?”

“आहे.”

आहे म्हणाली आणि हात काढला नाही. बाल्कनीपर्यंत नेलं, परत आणलं. मध्येच म्हणाली, “पण मला आता किल्लीचा आवाज आला तरी वाचायचं थांबावं लागत नाही. कधी कधी.” मग लगेच, “कधी कधी थांबते.”

२२ फेब्रुवारी, रविवार

उद्या रू. सकाळच्या गाडीने पुण्याला. मी दुपारी देवळ्याला. तिची बॅग दाराशी, माझ्या पिशव्या दिवाणावर.  दुपारी सई माझ्या साड्यांच्या घड्या घालून देत होती.

“आत्या, आई परत येईल ना? म्हणजे, कायमची?”

हो गं, असं तोंडात आलं होतं. गिळलं. या पोरीला खोटं लगेच कळतं. “मला माहीत नाही सई. मला वाटतं, तिलाही अजून माहीत नाही.”

ती तशीच उभी राहिली, साडीचं एक टोक हातात. आणि मग तिला रडू फुटलं. मी तिला रडताना पाहिलंच नव्हतं आजवर. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, नाक गळतंय, साडी नाकाला, शब्द एकही धड नाही. कसलाही बेत नसलेलं रडणं. इतकं सगळं त्या एवढ्याशा छातीत कुठे ठेवलं होतं तिने?

प्र. आणि रू. दोन खोल्यांतून धावत आले, दारात एकमेकांवर आपटले. “काय झालं?” “सई, काय झालं?” तिने हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं.

“तुमच्यासाठी नाहीये,” हुंदक्यांतून म्हणाली. “मला रडायचंय.”

ते दोघं दारातच थांबले, खांद्याला खांदा लागलेला. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. मिनू त्यांच्या पायांमधून डोकं काढून बहिणीकडे बघत होती, डोळे मोठे करून, असंही रडता येतं हे पहिल्यांदाच कळल्यासारखी.

बराच वेळ रडली ती. आम्ही सगळे तसेच उभे होतो. मीसुद्धा, काठी सोडून.